'नोस्फेरातू'मधला टोटनफोगल: टिटवी, पिंगळा की घुबड?

माजघर
आमच्या फिल्म सोसायटीत शनिवारी जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' दाखवणार आहोत. १९२२ चा मूकपट. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या जर्मन पाट्या मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. अकरा वर्षं जर्मन शिकवतेय, तरी सुरुवातीच्याच एका पाटीवर तीन दिवस अडकलेय. तिचा साधारण मजकूर असा:

"नोस्फेरातू. मध्यरात्री टोटनफोगलनं घातलेल्या हाकेसारखा नाही वाटत तुला हा शब्द? जपून, उच्चारू नकोस. नाहीतर आयुष्याची चित्रं फिकुटून सावल्या होतील, काळजातून भुताळी स्वप्नं वर येतील आणि तुझ्या रक्तावर पोसतील."

टोटन म्हणजे मेलेल्यांचा, फोगल म्हणजे पक्षी. 'मृत्युपक्षी' लिहिलं तर अर्थ पोचतो, पण हा शब्द कुणाच्याही आजीच्या तोंडी नव्हता. मी 'टिटवी' लिहिलं. रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली की माझी आई अंथरुणात उठून बसायची आणि नात्यात कोण कोण आजारी आहे ते मनाशी मोजायची. सोसायटीतल्या एका ज्येष्ठांनी मात्र टिटवी खोडून 'घुबड' केलं. त्यांचं म्हणणं, टिटवीची भीती आपली, जर्मनांची नाही.

दुसरी अडचण 'व्हॅम्पायर'ची. चित्रपटाचा नायक हुटर वाटेतल्या सराईत जे पुस्तक उघडतो, त्याच्या नावातच तो शब्द आहे. सध्या 'वेताळ' लिहून ठेवलंय. मतं हवी आहेत.

अडकित्ता
ताई, घुबड अर्धं बरोबर आहे. टोटनफोगल हे जर्मन खेड्यापाड्यांत श्टाइनकाउत्स नावाच्या लहानशा घुबडाला चिकटलेलं नाव. त्याचं ओरडणं 'कुविट' असं ऐकू येतं आणि लोकांना त्यात 'कोम मिट' ऐकू यायचं, म्हणजे 'चल माझ्याबरोबर'. आजाऱ्याच्या खोलीत रात्रभर दिवा जळायचा, दिव्यावर किडे यायचे, किड्यांमागे हा यायचा. सकाळी आजारी माणूस गेलेला असला की दोष पाखराच्या माथी.

आपल्याकडचा पिंगळा त्याचा सख्खा भाऊबंद, दोघंही शास्त्रीय नावानं 'अथेने' कुळातले. म्हणून 'पिंगळा' लिहा. अर्थही राहील आणि पाखरूही.

तिन्हीसांज
पाखरू राहील, भीती राहणार नाही. पिंगळा म्हटलं की मला पहाटे हातात कंदील घेऊन दारात उभा राहणारा, पुढचं बरंवाईट सांगणारा माणूस दिसतो. नाथांच्या भारुडातही महाद्वारी बोली बोलणारा पिंगळा आहे. त्याला पसाभर धान्य घालायचं, दार लावून घ्यायचं नाही.

टिटवीच ठेवा. तिचं मुख्य म्हणजे ती दिसत नाही. अंधारात माळावर कुणी चालून आलं की उठते आणि आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. या चित्रपटाचा सगळा जीव त्याच गोष्टीत आहे. हुटरची बायको एलेन, तिच्या घराचा तो जिना आठवा. व्हॅम्पायर ओर्लोक स्वतः चौकटीत नाहीच. आधी भिंतीवर वाकलेली पाठ, मग खांदा, मग बोटं. आणि ती बोटं दाराकडे लांबत जातात. पुढे त्या हाताची सावली एलेनच्या छातीवर येते, मूठ आवळते आणि ती कळवळते. अंगाला अंग लागलेलंच नाही. शंभर वर्षं झाली, तरी मला त्या मुठीपाशी दरवेळी श्वास रोखावा लागतो.

तांबडी_माती
टिटवी-पिंगळ्याचं नंतर बघू. 'वेताळ' आधी काढा, कळकळीची विनंती आहे.

मी वेंगुर्ल्याकडचा. आरवलीचा वेतोबा आमचा राखणदार. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या वहाणा लहानपणी आजोबांनी मला तळवा उलटून दाखवल्या होत्या. गोव्यात अमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. तुमच्या पाटीवर 'वेताळ' आला की आमच्याकडचा प्रेक्षक त्या उंदीरदात्या ओर्लोकच्या जागी ग्रामदैवत बघणार. रिचर्ड बर्टन या इंग्रजानं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना 'व्हॅम्पायर' शब्द वापरला, तेव्हापासून हा घोळ चालू आहे. तो निदान आपण तरी पुढे चालवू नये.

अडकित्ता
दादा, श्रद्धेबद्दल आदर आहे. पण देशावर वेताळ म्हणजे भुतांचा राजा, अमावस्येला त्याची पालखी निघते असंच ऐकत मोठे झालो. विक्रमाच्या गोष्टींतला तर झाडाला टांगलेल्या प्रेतात राहतो. एका प्रांतात देव झाला म्हणून बाकीच्यांनी शब्द सोडून द्यायचा का? मराठीत आधीच असलेले शब्द आपणच एकेक करून टाकून देतो आणि मग 'व्हॅम्पायर' लिहून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

तांबडी_माती
प्रेतात राहतो, पण रक्त कुठे पितो? कोडी घालतो आणि उत्तर ऐकतो. विक्रमाला मरणापासून वाचवणाराही तोच.

उंबरठा
इथेच खरी गोम आहे. मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, आळवंतीण, सगळे आठवून पाहा. आपलं भूत 'लागतं', 'धरतं', 'झपाटतं'. धरलेला माणूस सुकत जातो, पण त्याच्या गळ्यावर दोन भोकं पडत नाहीत. म्हणून व्हॅम्पायरला घरचा शब्द नाही. 'रक्तपिपासू' चालवला जातो, पण तो वर्तमानपत्रांनी हुकूमशहांसाठी इतका वापरलाय की त्याला दात उरलेले नाहीत. मी तरी सरळ 'व्हॅम्पायर' लिहीन. परका आहे, हे कळू द्या. तो पेट्यांत आपल्या गावची माती भरून जहाजातून येतो, परकेपण हीच तर त्याची भीती.

आणि खुद्द 'नोस्फेरातू' तरी कुठे कुणाच्या घरचा आहे? एमिली जेरार्ड या बाईंनी १८८५ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या समजुतींवर लेख लिहिला, त्यात हा शब्द रुमानियन म्हणून दिला. या चित्रपटाची मूळ कादंबरी 'ड्रॅक्युला', तिच्या लेखकानं, स्टोकरनं, तो तिथून उचलला. रुमानियन कोशांत असा शब्द नाही. कुणी म्हणतं 'नेकुरातू' म्हणजे अमंगळ, ते चुकीचं ऐकलं गेलं. कुणी 'नेसुफेरित' म्हणजे असह्य सांगतं, कुणी रोग वाहून आणणारा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतं. खरा रुमानियन शब्द 'स्त्रिगोय'. तो लॅटिन 'स्ट्रिक्स'पासून आला, आणि स्ट्रिक्स म्हणजे घुबड! तेव्हा पाटी लिहिणाऱ्याला माहीत असो वा नसो, पाखराशी नातं आधीपासूनच होतं.

तिन्हीसांज
मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला 'नासफेरा' ऐकू आलं होतं. नासाचा फेरा. व्युत्पत्ती म्हणून टिकणार नाही हे कळतं, पण तो जहाजातून येतो आणि मागोमाग गावात मरी सुरू होते, तेव्हा दुसरा शब्द मनात येतच नाही.

त्यावरून ताई, जर्मन 'पेस्ट'ला, म्हणजे प्लेगला, काय लिहिलंत? 'महामारी' लिहू नका. जहाजावर पेटी फोडल्यावर त्यातून उंदीर बाहेर पडतात. माझी पणजी प्लेगच्या सालाबद्दल सांगताना 'उंदीर पडले' एवढंच म्हणायची. घरात उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या. ते दोन शब्द ऐकले की मोठी माणसंसुद्धा गप्प व्हायची. आणि ढोल वाजवत जाहीरनामा वाचणारा माणूस येतो, खिडक्या धडाधड बंद होतात, ती पाटी नुसती 'सूचना' अशी जाऊ देऊ नका. ती दवंडी आहे.

माजघर
'दवंडी' घेतली. 'प्लेग' तसाच ठेवते, १८३८ ची गोष्ट असली तरी. शेवटी ओर्लोक उन्हात विरतो, त्याआधी कोंबडा आरवतो, तिथे काहीच अडचण आली नाही. आपल्याकडेही कोंबडं आरवलं की भुतं निघून जातात. मूळ कादंबरीतला काउंट दिवसाही फिरतो, उन्हानं मरणं हे या चित्रपटानंच आणलं, हे मला अनुवाद करतानाच कळलं. आणखी एक, ओर्लोक झालेल्या माक्स श्रेकचं आडनाव खरंखुरं आहे आणि 'श्रेक'चा अर्थ होतो धसका.

'वेताळ' काढला. दादा, तुमच्या आजोबांच्या वहाणा डोळ्यांपुढून जाईनात.

पण टिटवी? काल रात्री आईला दोन्ही मजकूर वाचून दाखवले. पिंगळ्याला ती काही बोलली नाही. टिटवी म्हटल्याबरोबर म्हणाली, "दिवेलागण झाल्यावर कशाला तिचं नाव घेतेस?"

अडकित्ता
आईंना नमस्कार. तरीही पक्षी चुकतोय, ताई. जर्मन जाणणारा कुणी समोर बसला असेल तर?

उंबरठा
जर्मन जाणणाऱ्याला पाटी वाचायची गरजच काय? पाटी आईंसाठी आहे.

तांबडी_माती
रात्री नाव न घेण्यावरून आठवलं. आमच्याकडे दिवस मावळल्यावर सापाला 'जनावर' म्हणतात. घाटावर काय म्हणता?

तिन्हीसांज
लांबडं. आणि विंचवालाही वेगळं काहीतरी होतं, आजी म्हणायची. आठवलं की लिहिते.