पीसीओडीला अशोकाच्या सालीचा काढा दिला तर चालेल का?

विश्रामबाग_सांगली: नमस्कार मैत्रिणींनो, माझी लेक १९ वर्षांची आहे, दोन दोन तीन तीन महिने पाळीच येत नाही, सोनोग्राफीत पीसीओडी (बीजांडकोशाचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास) निघालं आणि थायरॉईडची गोळी आधीपासून चालूच आहे. डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्यात पण सासूबाई म्हणतात एवढ्या लहान वयात हार्मोनच्या गोळ्या कशाला, कॉलनीच्या कंपाउंडला अशोक आहे त्याची साल उकळून दे आणि शतावरी कल्प, अश्वगंधा दुधातून दे. कुणी दिलंय का? काय करू सांगा की.

रोपवाटिका_मिरज: ताई ती साल अजिबात काढू नका! कंपाउंडला सरळसोट उंच वाढतो, लांब नागमोडी पानांचा, तो औषधातला अशोक नव्हेच. औषधाचा तो सीतेचा अशोक, डेरेदार असतो, फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. बाजारातल्या सालीतसुद्धा भेसळ चालते.

वैद्य_कृष्णाकाठ: वरचं बरोबर आहे. आणि खरी साल मिळाली तरी अशोकारिष्ट, म्हणजे त्या सालीचं औषध, आम्ही मुख्यतः अंगावरून जास्त जातं तेव्हा देतो, तुमच्या लेकीची तक्रार नेमकी उलटी आहे. अश्वगंधेनं थायरॉईड हार्मोन वाढू शकतात, गोळी चालू असताना ती परस्पर सुरू करू नका. शतावरी कल्पात तर साखरच जास्त असते, पीसीओडीत बऱ्याच मुलींना इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा त्रास असतो त्यात रोज दोन दोन चमचे साखर कशाला? तीन तीन महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं, ते वेळेवर पडून जावं म्हणून त्या गोळ्या आहेत, सासूबाईंना एवढं नीट समजावून सांगा, त्यांची काळजी खरी आहे.

कराडची_लेक: मला पण पीसीओडी आहे. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते, माझी सुधारली. संध्याकाळी चालणं आणि रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, बाकी काही नाही केलं. तिला रागवू मात्र नका हं वजनावरून, फार लागतं मनाला.

विश्रामबाग_सांगली: खूप आधार वाटला. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, अशोकाचं ऐकून त्या गप्पच झाल्या. मेथीचं पाणी तरी सकाळी देऊ का?

वैद्य_कृष्णाकाठ: सकाळी नको. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, पुढे अर्धा-एक तास चहा पण नाही. मेथी जेवणात भाजी-आमटीत घाला. आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर त्यात नि थायरॉईडच्या गोळीत चार तास अंतर ठेवा.