पेशंट मोबाईलमधला शुगरचा ग्राफ पुढे करतात, सात मिनिटांत त्यात बघायचं काय?

संध्याकाळची_ओपीडी

नमस्कार मंडळी. मी जनरल प्रॅक्टिस करते, एकटीच, मदतीला एक सिस्टर. डायबेटिसचे पेशंट रोजचेच. फास्टिंग, पीपी (जेवणानंतरची शुगर), तीन महिन्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी), बीपी, वजन, पाय बघायचे, गोळी वाढवायची नाहीतर आहे तीच चालू, एवढ्यावर गाडी चालत होती. आता दंडाला दिवसरात्र शुगर मोजणारा सेन्सर लावून येणारे वाढलेत. कुणाला मुलाने लावून दिलाय, कुणी स्वतःच आणलाय, आणि खुर्चीत टेकायच्या आत मोबाईल पुढे, "मॅडम हे बघा पहाटे तीनला ६२, हे बघा जेवल्यावर २६०". चौदा दिवसांचं सगळं त्यात. माझ्याकडे सात-आठ मिनिटं, बाहेर बाकावर बारा जण. खरं सांगते, परवा एकाचा फोन घेतला, बोटाने वरखाली केला, "हं, बरंय" म्हटलं आणि परत दिला. बरंय की नाही ते मला कळलंच नव्हतं.

ज्या केसमुळे लिहितेय ती अशी. बाई ६८ वर्षांच्या, वजन ६०, टाइप टू, रात्री लाँग ॲक्टिंग इन्सुलिन ३४ युनिट, सोबत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. फास्टिंग ११०-१२० येतं पण एचबीएवनसी ८.४, म्हणून मीच वर्षभरात तीनदा इन्सुलिन वाढवलं. चौथ्यांदा वाढवणार तेवढ्यात मुलीने सेन्सर लावला. आता बघते तर पहाटे साठीत आणि रात्रीच्या जेवणानंतर अडीचशेच्या वर. पहाटे काहीच जाणवत नाही म्हणतात, फक्त सकाळी डोकं जड असतं. इन्सुलिन वाढवू की कमी करू? आणि मुळात हा सेन्सर सांगायचा कुणाला, सगळ्यांनाच का?

बेनेडिक्ट_पिढी

मॅडम, आम्ही पाच मिली बेनेडिक्टमध्ये (लघवीतली साखर तपासायचं निळं द्रावण) आठ थेंब लघवी घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळत बसणारे. निळं राहिलं की निवांत, विटकरी झालं की बोंब. आणि तो रंग चार तासांपूर्वीची शुगर सांगायचा, ७० च्या खालचं तर काहीच सांगायचा नाही. त्यामुळे ग्राफ बघून घाबरायचं वय आमचं होतं, तुमचं नाही :)

रोजचे ग्राफ उघडूच नका. त्यात शिरलात की पेशंट मंगळवारी काय झालं ते सांगत बसतो आणि वेळ संपतो. चौदा दिवसांचा एकत्र रिपोर्ट असतो, एजीपी म्हणतात तो, तोच दाखवायला सांगा. वर सेन्सर किती टक्के वेळ चालू होता ते लिहिलेलं असतं, ७० टक्क्यांच्या खाली असेल तर त्यावरून डोस ठरवू नका. मग थेट रिपोर्टवरच्या रंगीत पट्टीच्या तळाचा लाल भाग. सर्वसाधारण पेशंटला ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत आणि ५४ च्या खालचा १ टक्क्याच्या आत हवा, पण तुमच्या बाईंसारख्या वयस्कर, इन्सुलिनवरच्या पेशंटला ७० च्या खालीच १ टक्क्याच्या आत हवा. १ टक्का म्हणजे दिवसातली जेमतेम पंधरा मिनिटं. तळ साफ झाला की मग ७० ते १८० मधला हिरवा भाग, तो एरवी ७० टक्के हवा, वयस्कर माणसाला ५० सुद्धा चालतो. शेवटी मधली जाड रेघ बघायची, रोज त्याच वेळेला कुठे बुडते कुठे चढते. बदल एकच करायचा. सात मिनिटांत दोन बदल केलेत तर पुढच्या वेळी कशाने काय झालं ते कळत नाही.

आता बाई. ३४ युनिट ६० किलोला म्हणजे किलोमागे अर्ध्या युनिटच्या वर गेलात. रात्री झोपताना अडीचशे आणि पहाटे साठ, ही एवढी घसरगुंडी म्हणजे बेसल, म्हणजे ते रात्रीचं लाँग ॲक्टिंग इन्सुलिन, गरजेपेक्षा जास्त झालंय आणि ते जेवणाची चढलेली शुगर रात्रभर ओढत खाली आणतंय. फास्टिंग छान दिसतं ते त्यामुळेच. वाढवायचं तर नाहीच, १० ते २० टक्के कमी करा. ग्लिमेपिराइडची गरज आहे का तेही बघा, इन्सुलिनसोबत या वयात ती गोळी मला तरी नको वाटते. रात्रीच्या जेवणाचं वेगळं बघू, आधी पहाट सोडवा.

लॅब_टेबल

हिमोग्लोबिन किती आहे बाईंचं? आणि सेन्सरच्या रिपोर्टवर जीएमआय (सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला एचबीएवनसीचा अंदाज) किती लिहिलंय?

संध्याकाळची_ओपीडी

@लॅब_टेबल हिमोग्लोबिन ९.१, मागच्या महिन्यातलं. जीएमआय ७.३. पण सेन्सरचे चौदाच दिवस आहेत ना, एचबीएवनसी तीन महिन्यांचं, म्हणून फरक असेल असं धरून चालले होते.

लॅब_टेबल

थोडाफार फरक त्याने पडतो, पण इथे १.१ चा फरक आहे. एचबीएवनसी ८.४ म्हणजे सरासरी शुगर १९५ च्या आसपास असायला हवी, आणि जीएमआय ७.३ येतंय म्हणजे सेन्सरची सरासरी १६५-१७० च्या मधली. आयर्न कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस टिकतात, त्यांच्यावर साखर चढायला जास्त वेळ मिळतो आणि एचबीएवनसी खोटं वर जातं. उलट पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खोटं खाली येतं. फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा) करून घ्या. माझा अंदाज आहे की गेलं वर्षभर तुम्ही ॲनिमियाला इन्सुलिन देत होतात. (रागावू नका, रोज दिसतं हे.)

संध्याकाळची_ओपीडी

रागावत नाहीये, पण लागलं मात्र.

सिस्टर_शिकवणी

मी डायबेटिस एज्युकेटर आहे. डॉक्टर रिपोर्ट बघतात, आमच्याकडे माणूस येतो, म्हणून थोडं आमच्या बाजूचं. डोस कमी करायच्या आधी त्या बाईंना विचारा की सेन्सर कुठल्या दंडाला आहे आणि झोपतात कुठल्या कुशीवर. सेन्सरवर अंग पडलं की तिथलं पाणी दाबलं जातं आणि शुगर खोटी लो दाखवते, ग्राफमध्ये ती एकदम खड्डा पडल्यासारखी खाली जाते आणि कूस बदलली की तशीच एकदम वर येते. खरी लो हळूहळू उतरते. शंका असेल तर दोन-तीन रात्री मुलीला अलार्म वाजल्यावर बोट टोचून बघायला सांगा. पहिल्या दिवसाचे आकडे तर मी धरतच नाही.

दुसरं म्हणजे "मीटर १४०, सेन्सर १६०, कुणाचं खरं" हे भांडण. सेन्सर रक्तात नसतोच, कातडीखालच्या पाण्यात असतो, तिथे शुगर पाच ते पंधरा मिनिटं उशिरा पोचते. जेवल्यावर किंवा चालून आल्यावर दोघांचं जमणारच नाही. आणि मीटर तरी कुठे देवाचा, १०० च्या वर मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे चालतं. मी सांगते की शांत बसलेले असताना, बाण (शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा) आडवा असताना जुळवून बघा. मात्र घाम आलाय, हात थरथरतायत आणि सेन्सर ११० म्हणतोय तर सेन्सर बाजूला ठेवा आणि बोट टोचा. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या घेतात का तेही विचारा, काही सेन्सर त्याने खोटं जास्त दाखवतात, काही सेन्सरना पॅरासिटामॉलचा जास्त डोस चालत नाही, त्यामुळे डब्यातला कागद वाचावाच लागतो.

अलार्मचं पण बघा. कित्येकांचा हायचा अलार्म १८० वर लावलेला असतो, तो दिवसभर वाजतो, मग माणूस वैतागून सगळेच अलार्म बंद करतो आणि रात्रीची लो हुकते. हायचा सुरुवातीला २५० वर न्या किंवा बंदच ठेवा, लोचा मात्र चालू पाहिजे. आणि एक, पोट बघा हो. इंजेक्शनची जागा हाताने चाचपून बघा, नुसतं विचारू नका, सगळे "जागा बदलतो" असंच म्हणतात.

स्ट्रिप_पुरे

मला एक कळत नाही, हे सगळं बोट टोचून स्ट्रिपने होत नव्हतं का? पहाटे तीनला एक, झोपताना एक, असं चार रात्री केलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं. गोळ्यांवर असलेला, एचबीएवनसी ६.८ चा माणूस दंडाला चकती लावून फिरतोय आणि १५० झालं म्हणून फोन करतोय, याला टेक्नॉलॉजी म्हणायचं की छंद?

बेनेडिक्ट_पिढी

@स्ट्रिप_पुरे छंदाबद्दल अर्धा सहमत. पण पहाटे तीनला उठून बोट टोचणारे पेशंट तुमच्याकडे असतील तर माझ्याकडे पाठवा, आम्हाला सत्कार करायचाय. इन्सुलिनवरच्यांचं तरी नुसतं मत नाहीये, २०२१ ला मोबाइल नावाची ट्रायल आली होती, फक्त बेसल इन्सुलिन घेणारे टाइप टू, बघणारे प्रायमरी केअरचे डॉक्टर, १७५ पेशंट. आठ महिन्यांत सेन्सरवाल्यांचं एचबीएवनसी ९.१ वरून ८.० झालं, बोट टोचणाऱ्यांचं ९.० वरून ८.४. म्हणजे स्ट्रिपवालेही सुधारले, हे तुमच्या बाजूने धरा. मी स्वतः कायमचा सेन्सर इन्सुलिनवाल्यांना, हायपो (लो शुगर) न जाणवणाऱ्यांना, एकटं राहणाऱ्यांना सांगतो. बाकीच्यांना आकडे आणि रिपोर्ट जुळेनासे झाले की दोन आठवड्यांपुरता.

पप्पांचा_मुलगा

डॉक्टर नाही, मधेच बोलतोय, चालेल ना? आमच्या पप्पांना मीच हौसेने सेन्सर लावला होता आणि पहिले दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता, ते जेवताना फोन समोर ठेवायचे, बाण वर गेला की ताट सरकवायचे, आणि एकदा जेवणाचं इन्सुलिन घेऊन तासभर झाला नाही तोच शुगर अजून २२० आहे म्हणून परत सहा युनिट घेतलं, त्यावर दोन तासांनी ४९. पहिलं इन्सुलिन अजून काम करतंच होतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पंधरा मिनिटं वाट बघायची हे मी पॅकेटवर वाचून केलं, आणि सेन्सर तेव्हाही ५० च दाखवत होता म्हणून परत दिलं, मग गेली अडीचशेला. नंतर आमच्या डॉक्टरांनी एकच वाक्य केसपेपरवर लिहून दिलं, "जेवणाच्या इन्सुलिननंतर चार तास आकडा बघून जास्तीचं इन्सुलिन घ्यायचं नाही". तेवढ्याने घर शांत झालं. मशीन लावून देणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं.

सिस्टर_शिकवणी

@पप्पांचा_मुलगा लो झाल्यावर पंधरा मिनिटांनी बोटच टोचायचं, सेन्सर मागे रेंगाळतो तो असा. तुमचं काही चुकलं नाही.

संध्याकाळची_ओपीडी

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. मुलीने तीन रात्री बोट टोचलं, ५८, ६६ आणि ६१, म्हणजे लो खरीच होती. सेन्सर डाव्या दंडाला आणि बाई झोपतात उजव्या कुशीवर. फेरिटिन कमीच निघालं, आयर्न सुरू केलंय आणि ते कशामुळे कमी आहे ते शोधतेय, एचबीएवनसी सध्या बाजूला ठेवलंय. इन्सुलिन ३४ चं २८ केलं, ग्लिमेपिराइड बंद. ७० च्या खालचा वेळ ७ टक्के होता, आता २. डोकं जड होणं थांबलंय, बाई म्हणाल्या "सकाळी उठावंसं वाटतं आता". जेवणानंतरची अजून २५०-२६० आहेच. माझ्या सिस्टरला आता सांगून ठेवलंय की सेन्सरवाला पेशंट आत यायच्या आधी एजीपी उघडून त्यातले तीन आकडे केसपेपरवर लिहायचे, त्यात माझी चार मिनिटं वाचतात.

आणि पोट बघितलं. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ आहे, वर्षानुवर्षं तिथेच टोचतायत, "तिथे दुखत नाही म्हणून". आता जागा बदलायला सांगणार, पण मग चांगल्या कातडीत २८ युनिट जास्त नाही का होणार?

सिस्टर_शिकवणी

होणार. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी लवकर कधी उशिरा. जागा बदलायची त्याच दिवशी डोस आणखी कमी करून द्या, २ टक्के लो अजून आहेच त्यांना. आणि तो आठवडाभर सेन्सर अंगावर असताना करा, मुलीला अलार्म चालू ठेवायला सांगा. सुई पण रोज नवी आहे का ते विचारा, बहुतेक नसेल.

संध्याकाळची_ओपीडी

विचारलं. एक सुई दहा दिवस.