पुलावरून पाणी वाहताना फलक पुरेसा आहे की फाटक हवे?

मूळ मत
२८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागाव नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस पुलावर घातली गेली आणि ती प्रवाशांसह वाहून गेली. अनुभवी चालकाचाही अंदाज जिथे चुकतो, तिथे ‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये’ एवढा फलक लावून जबाबदारी संपत नाही. प्रत्येक फरशी पुलाच्या, म्हणजे पुरात पाणी वरून वाहते अशा ठेंगण्या पुलाच्या, दोन्ही टोकांना कुलूपबंद फाटक असावे आणि पाणी फरशीला लागताच ते बंद व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (असहमत)
फाटक लावणे सोपे आहे, परंतु पलीकडे अडकलेल्या गरोदर बाईचे काय करायचे? पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा भागात कुलूप हा उपाय नसून उंच पूल हाच उपाय आहे. तोवर फुटांच्या खुणा रंगवलेले खांब उभारावेत, म्हणजे पाणी किती आहे हे पाहून माणूस स्वतः ठरवेल.

मूळ मतकर्ता
उंच पुलाची मागणी मला पूर्ण मान्य आहे, खांबाची मात्र नाही. खांब खोली सांगतो, वेग सांगत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो आणि लहान मोटार तर सुमारे फूटभर पाण्यातच तरंगू लागते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की भराव खचला आहे, हे कोणताही खांब सांगू शकत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूलच वाहून गेला होता आणि अंधारात येणाऱ्या वाहनांना ते कळले नाही. त्या गरोदर बाईसाठी होडी आणि आरोग्यपथक आधीच पलीकडे ठेवावे लागेल. तिला घेऊन जीप पाण्यात घालणे ही तिची सोय नव्हे.

प्रतिसाद २ (अंशतः सहमत)
फाटक असावे, पण इशारा नदीकाठी देऊन उपयोग नाही. वीस किलोमीटर आलेला माणूस काठावरून परत फिरायला तयार होत नाही, हे मी आमच्या ओढ्यावर दर पावसाळ्यात पाहतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट कोल्हापुरात पोरांनाही पाठ असते. त्याचप्रमाणे किती फुटांना कोणता रस्ता बंद होतो आणि पर्यायी रस्ता कोणता, हे अलीकडच्या फाट्यावरच ठळक लिहिलेले हवे.