पद नसताना लोक ज्याचं ऐकतात, त्याच्यात नेमकं काय असतं?

वाटसरू
घरात एकांचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात रात्री कोण थांबणार हे ठरवायला आम्ही सगळी भावंडं बसलो. सल्ले भरपूर, आवाज मोठे, पण ठरत काहीच नव्हतं. एरवी फारसं न बोलणाऱ्या चुलत बहिणीने शेवटी वहीचं पान फाडलं, जी रात्र कोणालाच नको होती तिच्यासमोर आधी स्वतःचं नाव लिहिलं आणि मग एकेकाला नाव घेऊन विचारलं, तुला कुठला दिवस जमेल? थोड्याच वेळात सगळं ठरलं. ती वयाने सगळ्यांत लहान आहे, तिला कोणी पुढारी केलेलं नाही, तरी आता सगळे तिलाच विचारतात. हे उपजत असतं की अंगी आणता येतं? आणि आत्मविश्वास, वक्तृत्व ही नेहमीची यादी नको प्लीज.

शांतनिवांत
वक्तृत्वाचा इथे काही संबंधच नाही बघा. तिने नाव घेऊन विचारलं, मला तरी तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९६८ मध्ये डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, इंटरकॉमवर बोलता बोलता एकाला फिट आल्यासारखं ऐकू येतं, तर ज्यांना वाटत होतं की ऐकणारे आपण एकटेच आहोत त्यातले ८५ टक्के लगेच मदतीला उठले, आणि ज्यांना वाटत होतं की आणखी चौघं ऐकतायत त्यातले फक्त ३१ टक्के. माणसं वाईट नसतात हो, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी करेल. म्हणून तर फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात की "कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडू नका, एकाकडे बोट दाखवून "तुम्ही फोन करा" म्हणा. हे शिकता येतं, शंभर टक्के.

अक्षरवेडी
नाव घेऊन विचारणं ठीक, पण आधी नकोशी रात्र स्वतःकडे घेतली म्हणून ते चाललं, नाहीतर लोकांना ती हुकूम सोडतेय असं वाटलं असतं. ध्रुवीय मोहिमांचा ब्रिटिश नेता अर्नेस्ट शॅकल्टन, त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून बुडालं, तरी त्याच्यासोबतचे सगळे जिवंत परतले. फरच्या उबदार स्लीपिंग बॅग्ज सगळ्यांना पुरणार नव्हत्या, तर त्या खालच्या खलाशांकडे गेल्या आणि तो स्वतः लोकरीच्या बॅगेत झोपला. सामान कमी करायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःची सोन्याची नाणी बर्फात टाकली पण एकाचा बँजो मात्र आग्रहाने सोबत घ्यायला लावला, कारण इतके महिने अडकलेल्या माणसांना गाणं लागणार हे त्याला कळत होतं. माणसांना काय लागेल हे आधीच ओळखणं, हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

उंबरठा
ताई, शॅकल्टन मलाही आवडतो, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या होडीतून तो मदत आणायला गेला ती मॅकनिश नावाच्या सुताराने तेवढ्या प्रवासाला टिकेल अशी करून दिली होती. मॅकनिशने मध्ये एकदा हुकूम मानायला नकार दिला होता म्हणून शॅकल्टनने पोलर मेडलसाठी, म्हणजे ध्रुवीय मोहिमांतल्या कामगिरीच्या पदकासाठी, त्याची शिफारसच केली नाही. इतकं मोठं काम केलेल्या माणसाचं श्रेय त्याने दिलं नाही, हे मला आजही खटकतं. आपल्याशी भांडलेल्या माणसाचंही काम चारचौघांत कबूल करता आलं पाहिजे आणि रोजच्या जगण्यात हे फार कमी जणांना जमतं.

अजून एक म्हणजे वाईट बातमी ऐकून घेणं. माझे एक जुने साहेब होते, कोणी घाबरत घाबरत "सर, राहून गेलं" म्हटलं की ते पेन खाली ठेवायचे आणि पहिला प्रश्न "आता काय करता येईल?" कोणामुळे झालं ते नंतर, आणि तेही केबिनचं दार लावून. त्यांच्यापासून कोणी काही लपवायचं नाही.

वाटसरू
खूप आभार सगळ्यांचे, उपजत नसतं हे तर पटलं. आता खरी अडचण, एक मोठे दादा दोनदा नाव लिहूनही आले नाहीत आणि बहीण संकोचाने गप्प आहे. तिने काय करावं?

शांतनिवांत
ग्रुपवर अजिबात लिहू नये. एकटं गाठून विचारावं, "दादा, रात्र जमत नसेल तर दिवसा बसाल का?" त्यांना खरंच काही अडचण असेल तर ती तिथेच कळेल. आणि तेही जमत नसेल तर यादीतून नाव काढून सरळ दुसऱ्याला विचारावं, पेशंट एकटा राहता कामा नये.