मदत हवी आहे: कारागृहातला दवाखाना आणि तुरुंगाधिकारी यांचा मेळ कायमचा कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

मी सार्वजनिक आरोग्य विभागाची वैद्यकीय अधिकारी. सध्या राज्यातल्या एका कारागृहाच्या दवाखान्यात नेमणुकीवर आहे, जागेचं नाव देत नाही. कारागृह विभागात, जिल्हा रुग्णालयात किंवा पोलीस मुख्यालयाच्या गार्ड ड्युटीवर काम केलेलं इथे कुणी असेल तर अनुभव हवा आहे. निवृत्त मंडळींनी तर जरूर लिहावं.

अडचण इन्सुलिनची आहे. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमारास वाटलं जातं आणि अंधार पडायच्या आत बराकी बंद होतात. त्यामुळे संध्याकाळचं इन्सुलिनही टाळं लागण्यापूर्वीच द्यावं लागतं. पण पाच वाजता कुणाला भूक असते? बरेच बंदी (कैदी) चपाती-भाजी झाकून ठेवतात आणि आठ-नऊला जेवतात. तोवर साखर उतरते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. रात्रपाळीच्या शिपायाला हे नाटक वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही, कारण ही लक्षणं त्याला कुणी दाखवलेलीच नाहीत. शिवाय बराकीची किल्ली त्याच्याकडे नसते. आधी अधिकाऱ्यांना बोलवायचं, ते आले की टाळं उघडायचं, मग दवाखाना. आमच्याकडे अशाच एका बंद्याला पहाटे बेशुद्ध आणलं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तो शुद्धीवर आला. थोडा आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

त्यानंतर आम्ही वरिष्ठ तुरुंगाधिकाऱ्यांसोबत बसलो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुई टोचल्यावर अर्ध्या तासात, आमच्या माणसासमोर जेवायचं. रात्रीसाठी साखरेची पुडी आणि बिस्किटं जवळ ठेवायची. दम्याच्या रुग्णाकडे पंप राहील. साहेबांनी मनापासून साथ दिली आणि हे छान चाललं. मग त्यांची बदली झाली. पुढच्याच झडतीत पुड्या गेल्या, पंपही गेले.

तुरुंगाधिकाऱ्यांची आणि शिपायांची बाजू मला कळते. झोपेच्या गोळ्या गालात दाबून बराकीत नेऊन विकल्या जातात, हे मी स्वतः पाहिलंय. पंपाच्या धातूच्या डबीचीही त्यांना धास्ती असते. माणसं कमी, बंदी क्षमतेपेक्षा जास्त. काही विपरीत घडलं तर आधी निलंबन शिपायाचं होतं. म्हणून वर तक्रार करून ‘मी बरोबर, तुम्ही चूक’ असं मला करायचं नाही. उद्या त्याच शिपायाने मला रात्री हाक मारायची आहे.

कारागृह अधिनियम, १८९४ काढून वाचला. कलम ३७ म्हणतं की आजारी दिसणाऱ्या किंवा डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या बंद्याची माहिती विनाविलंब पोचवायची, आणि उपचाराबाबतच्या लेखी सूचना तुरुंगाधिकाऱ्याने अमलात आणायच्या. कलम ३८ मला जास्त कामाचं वाटतं. त्यानुसार औषधं पुरवण्याचे आदेश वगळता डॉक्टरच्या सूचना रोजच्या रोज बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर (त्याच्या नोंदींच्या कागदावर) लिहायच्या, आणि प्रत्येक सूचना पाळली की नाही ते तुरुंगाधिकाऱ्याने शेऱ्यासह, तारीख घालून नोंदवायचं. म्हणजे ‘पंप सुरक्षेच्या कारणाने दिला नाही’ असं त्यांना लिहिता येतं आणि मला त्यावर पर्याय काढता येतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने दोघांना एकाच कागदावर आणलंय! पण आमच्याकडे तो शेरा सहसा कोराच असतो. तुमच्याकडे तो खरंच भरला जायचा का? कुणी भरायला लावला, आणि पाळी बदलताना पुढच्या अधिकाऱ्याला तो वाचायला कसा लागायचा?

दुसरी गोष्ट माहितीची. कुणी जेवण सोडलंय, कुणाचा जामीन फेटाळला गेलाय, नातेवाइकांच्या मुलाखतीहून (भेटीहून) कोण रडत परतलं, हे बराकीवरच्या शिपायाला माझ्या कितीतरी आधी कळतं. नवीन आलेल्या बंद्यांच्या बाबतीत तर पहिल्या काही दिवसांत हीच माहिती जीव वाचवते. ती मला हवी आहे. उलट बाजूने मात्र मला ‘कुणाला काय आजार आहे याची यादी द्या’ असं विचारलं जातं. तशी यादी मी देत नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारकच आहे. मी फक्त काय करायचं ते सांगते: याला रात्री एकटं ठेवू नका, याची गोळी चुकवू नका, याची बदली किंवा सुटका ठरली की आधी दवाखान्यात कळवा. शेवटचं क्षयरोगासाठी फार महत्त्वाचं आहे, नाहीतर दुसऱ्या कारागृहात गेल्यावर उपचारात खंड पडतो. एवढ्यावर अधिकाऱ्यांचं समाधान होईल अशी काही पद्धत कुणी बसवली आहे का?

तिसरं म्हणजे बाहेरच्या रुग्णालयात नेण्यासाठी लागणारा पोलीस गार्ड. गणपती, नवरात्र, निवडणुका आल्या की सगळे बंदोबस्तात आणि सोनोग्राफीची तारीख हुकते. मुख्यालयाला रुग्णांची यादी तातडीनुसार क्रम लावून आधीच पाठवली तर फरक पडतो का? गार्डवर असलेल्यांनी कृपया सांगा. आणि तपासणीच्या वेळी नजरेच्या टप्प्यात, पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभं राहणं तुम्हाला सुरक्षेच्या दृष्टीने चालण्यासारखं वाटतं का?

‘न्यायालयात जा’ किंवा ‘नोकरी सोडा’ हे सल्ले मिळून झालेत, ते नकोत. बदल्यांनंतरही टिकलेली एखादी व्यवस्था हवी आहे: अधीक्षकांचा स्थायी आदेश असेल, रात्रपाळीच्या शिपायांसाठी तासाभराचं प्रशिक्षण असेल, किंवा किल्ली आणि डॉक्टर एकाच वेळी बोलवायचा ठरलेला क्रम असेल. आदेशाचा मसुदा असल्यास नावं आणि जागा झाकून इथेच टाका. पुढच्या बैठकीत मी तो नव्या साहेबांसमोर ठेवीन.