मदत हवी आहे: अण्णांच्या पावसाच्या वह्यांसाठी वेबसाइट काढतेय, नाव काय ठेवू?

नमस्कार. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, संगमेश्वर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९८३ पासून २०१९ पर्यंत दर पावसाळ्यात त्यांनी अंगणातल्या पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस मोजून वहीत लिहिला. वर्षाला एक, अशा ३७ वह्या. आता ते ८४ वर्षांचे आहेत, नजर अधू झालीय, वह्या पुण्यात माझ्याकडे आहेत. मागच्या महिन्यात ट्रंक उघडली तर दोन वह्यांना कसर लागलेली. तेव्हाच ठरवलं की हे सगळं उतरवून स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायचं. सोशल मीडियावर नको, तिथे चार दिवसांनी मागचं काही सापडत नाही.

नुसते आकडे असते तर तक्ता करून मोकळी झाले असते. पण जुलैतलं एखादं पान असं असतं: "११८ मिमी. रात्रभर पागोळी तुटली नाही. पऱ्याला लाल पाणी. तरवा काढून ठेवलाय, लावणी उद्यावर." (पऱ्या म्हणजे ओढा, तरवा म्हणजे भाताची रोपं.) रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अण्णा कौलांवरच्या पागोळ्यांच्या आवाजावरून पावसाचा अंदाज सांगायचे. सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्यांसमोर धरून खरा आकडा वाचायचे. मी त्यांच्यावर छत्री धरायची. पाणी काचेच्या कडेला थोडं वर चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही, मधल्या खोलगट जागेवर नजर ठेवायची, हे मी सातव्या वर्षी शिकले.

नावावर अडलेय. मनात आहेत ती सांगते.

पागोळी. हे मला सगळ्यांत जवळचं.

आगोट. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत हा शब्द आहे आणि खाली पावसाळ्याआधीची तयारी: कौलं चाळली, लाकूडफाटा आत घेतला, मीठ-मिरची भरली. पण घाटावरच्या मैत्रिणींना विचारलं तर तिघींपैकी एकीलाच शब्द माहीत होता.

तरणा-म्हातारा. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. ऐकायला गोड, पण पावसाचा संबंध लागला नाही तर लोक भलतंच समजतील.

धाकटा भाऊ म्हणतो इंग्रजी नाव ठेव, अभ्यासकांना सापडेल. मला ते पटत नाही. ज्या माणसाने ३७ वर्षं मराठीत पाऊस लिहिला, त्याच्या वह्यांवर परकी पाटी का लावायची?

अडचण रोमन स्पेलिंगची आहे. ळ कसा लिहायचा? नाहीतर सरळ देवनागरीतला, डॉट भारतने संपणारा पत्ता घ्यावा का? आणि दुसरी एक शंका. २६ जुलै २००५ च्या ओळीत अण्णांचा आकडा साधाच आहे, मोठा आकडा २७ तारखेला. तारीख चुकली असेल का? दुरुस्त करून टाकू का?

कातळसडा
ताई, आधी शेवटचं. कृपा करून ती तारीख बदलू नका! हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस मागच्या २४ तासांचा असतो आणि तो मोजला त्या तारखेला लिहितात. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी झाला तो आकडासुद्धा २७ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांचा आहे. तुमचे अण्णा बरोबर आहेत. पहिल्याच पानावर ही पद्धत दोन ओळींत लिहा, नाहीतर प्रत्येक वाचक हेच विचारेल.

पानांचे फोटो ठेवाच, पण आकडे टाइप करून तक्त्यातही द्या. फोटोतला आकडा शोधात येत नाही आणि त्याची बेरीजही करता येत नाही.

सायसाखर
डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालं, त्यात मराठीही आहे. घ्या, पण एकटं नको. आतून ते नाव रोमन अक्षरांच्याच एका लांबलचक रूपात साठवलं जातं, एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. काही ठिकाणी लिंक चिकटवली की पागोळीऐवजी तेच दिसतं आणि समोरच्याला वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे. माझ्या आत्याने अशी लिंक भीतीने उघडलीच नव्हती.

ळ ला रोमनमध्ये सोय नाही हे खरं. म्हणून नाव फोनवर पाच जणांना सांगा आणि टाइप करून पाठवायला लावा. जी दोन रूपं जास्त येतील ती दोन्ही घ्या, दुसरं पहिल्याकडे वळवा. माणूस पत्ता एकदा टाइप करतो, पुढे लिंकवरच बोट ठेवतो. त्यासाठी मनातला शब्द सोडू नका.

आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा, एम-आर. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. अण्णा शिक्षक होते, त्यांना ते नक्की खटकेल.

जुनी पेठ
नाव कुठलंही घ्या, पण ते तुमच्या स्वतःच्या खात्यावर, तुमच्या ईमेलवर घ्या. आमच्या गावाच्या माहितीची साइट ओळखीच्या एका मुलाने करून दिली. चांगला मुलगा, पण डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याच्या खात्यावर. तो नोकरीला बाहेर गेला, जुना ईमेल बंद झाला, मुदत संपल्याची पत्रं त्यावरच जात राहिली. नाव गेलं, आणि महिन्याभरात तिथे दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती दिसू लागल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती होत्या त्यावर, त्यांतल्या तिघांचं आता निधन झालंय. प्रत आमच्याकडे नव्हती.

पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. एकदम दहा वर्षांपर्यंत पैसे भरता येतात. आणि सगळ्याची एक प्रत घरी ठेवा, एक भावाकडे.

धागाकर्ती
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. २७ जुलैबद्दल वाचून अंगावर काटा आला, मी खरंच ती ओळ खोडणार होते.

फोनवर पाच जणांना सांगून पाहिलं. चौघांनी पी-ए-जी-ओ-एल-आय लिहिलं, मावशीने मध्ये दोनदा ए घातला. दोन्ही रूपं डॉट इनमध्ये मिळाली, माझ्याच खात्यावर घेतली. पागोळी ठरलं. आगोट हा शब्द दर वर्षाच्या पहिल्या पानाचा मथळा म्हणून तसाच राहील.

काल रात्री अण्णांना फोनवर सांगितलं. नाव ऐकून ते "बरं" म्हणाले आणि लगेच विचारलं, मधल्या कोऱ्या ओळींचं काय करतेयस? मी तिथे शून्य भरत होते. म्हणाले, "शून्य म्हणजे पाऊस झाला नाही. कोरं म्हणजे मी घरी नव्हतो. १९९१ ला तुझ्या आईला मिरजेला नेलं होतं ते नऊ दिवस बघ."

बघितलं. नऊ ओळी कोऱ्या आहेत. भरलेली शून्यं आज बसून काढतेय.