कार्बन स्टीलचा तवा 'मुरवायचा' की 'रापवायचा'?

प्रश्न: नव्या कार्बन स्टीलच्या तव्याबरोबरच्या कागदावर 'आधी सीझनिंग करा', म्हणजे तेलाचा हात देऊन तापवा, असं असतं. मराठीत 'तवा मुरवणे' चालेल का? आणि कार्बन स्टील म्हणजे बीडच ना?

प्रतिसाद: बीड नाही. बीड ओतीव असतं, त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के. म्हणून ते आपटलं की तडकतं. कार्बन स्टीलमध्ये कार्बन जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी, आणि तवा पत्र्यातून घडवलेला. पोळ्यांचा पत्र्याचा 'लोखंडी तवा' याच जातीचा. 'पोलादी तवा' बरोबर आहे, पण दुकानात मागून बघा!

'मुरवणे' मात्र नको. लोणचं मुरतं तेव्हा मीठमसाला फोडींच्या आत शिरतो. इथे तेल आत शिरत नाही. तापल्यावर त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन वरच्यावर कडक थर धरतो. 'मुरू दे' म्हणून तेल राखून ठेवलं की तवा मेणचट होतो, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते.

प्रतिसाद: मग 'रापवणे' घ्या. राप चढतो तोही वरच. कल्हईशी गल्लत नको, ती कथलाची.

प्रतिसाद: 'रापवणे' आवडलं, पण नुसता रंग बदलणं म्हणजे रापणं नव्हे. कोरडा तवा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळा पडतो. तो ऑक्साइडचा रंग, त्याला घावन चिकटणारच.

कृती अशी. कारखान्यातला मेणाचा किंवा तेलाचा थर आधी काढायचा: कडकडीत पाणी, साबण, तारेची घासणी. पाणी थेंब न धरता सपाट पसरलं की थर गेला. लगेच गॅसवर कोरडा करा, नाहीतर तासाभरात गंज येईल. कोमट तव्याला आतबाहेर मिळून अर्धा चमचा रिफाइंड शेंगदाणा तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा, जणू चुकून लागलं होतं. मग मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. असे तीन-चार हात. आच एकदम मोठी केली, विशेषतः इंडक्शनवर, तर पत्रा फुगतो आणि तवा डुगडुगतो.

जवसाचं तेल लवकर कडक होतं खरं, पण त्याचे पापुद्रे सुटतात.

प्रश्न: मेणचट झालाच तर?

प्रतिसाद: ओव्हनमध्ये पालथा, २३० अंशांवर तासभर. दांडा लाकडी असेल तर नको, गॅसवरच तापवा. तरी हाताला चिकटला तर घासून पहिल्यापासून. सुरुवातीला त्यावर बटाट्याचे काप तळा. चिंच, कोकम, टोमॅटो राप उतरवतात.

प्रतिसाद: 'उतरवतात' म्हणालात ना? म्हणजे 'राप चढवणे' हाच प्रयोग घ्या. 'रापवणे' ऐकून उन्हात ठेवतील कुणी.